मामाच्या पिवळीला कूपन

माझ्या हयातीत मी एकही वस्तू छापील किमतीला घेतलेली नाही, आणि पुढंही घेणार नाही. हे मी मुकुंदवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दारात, बनियनवर उभा राहून, डिलिव्हरीवाल्या शकीलभाईंना सांगत होतो. शकीलभाईंचं वय पन्नाशीच्या पुढचं, मिशा पांढऱ्या, जिना चढून धाप लागलेली, आणि काखेत माझं पार्सल. त्या पार्सलात पिवळी रेशमी साडी होती, आणि ती कूपन लावून, वर कार्डाची सूट लावून, वर कॅशबॅक धरून मला जवळजवळ निम्म्यात कशी पडली, हे मी त्यांना टप्प्याटप्प्यानं समजावत होतो. तुम्हालाही शिकवतो, म्हटलं, फुकट. शकीलभाईंनी मनगटानं कपाळ पुसलं, पार्सल या काखेतून त्या काखेत घेतलं आणि म्हणाले, "हौ भाई, बहुत अच्छा. ओटीपी बोलो." पण ओटीपी माझ्या मोबाईलवर नव्हताच. तो आईच्या मोबाईलवर आला होता, आणि आई लासूर स्टेशनला होती.

यात माझी चूक म्हणावी अशी काही नव्हती, हे आधी सांगतो. ते कूपन फक्त पहिल्या ऑर्डरीवर चालत होतं. माझी पहिली ऑर्डर होऊन जमाना झाला. तनुजाच्या नंबरावर पहिली ऑर्डर झाली होती, जुन्या सिमवर झाली होती, कंपनीनं दिलेल्या सिमवर झाली होती. आमच्या घरात पहिल्यांदा असं काही उरलेलंच नव्हतं. तेवढ्यात आई मोतीबिंदू दाखवायला आली. दवाखान्याच्या बाकावर डोळ्यात थेंब घालून, डोळे मिटून बसली होती, तिचा बटणांचा फोन माझ्या हातात, आणि मला एकदम दिसलं की माझी आई म्हणजे एक कोरा, न वापरलेला नंबर आहे. तिथल्या तिथं माझ्या मोबाईलवर तिच्या नंबरानं खातं उघडलं. तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, काय करायलास रे? मी म्हटलं, काही नाही, तुझ्या नावानं एक चांगलं काम. पुढचं गणित सोपं होतं. लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी आई आमच्याकडं येणार, पार्सल येईल तेव्हा ती आणि तिचा फोन घरातच असणार. पण ऐनवेळी भावकीची जीप थेट फर्दापूरला निघाली, तिच्यात एक जागा रिकामी होती, आणि आईनं ती घेतली, कारण फुकटची होती. हा स्वभाव माझ्यात कुठून आला असं तनुजा विचारते, त्याचं उत्तर इथं आहे.

बरं, साडी साधी असती तर मी शकीलभाईंना म्हटलं असतं, घेऊन जा. पण ती मामाची पिवळी होती. उद्या फर्दापूरला माझ्या भाचीचं, सायलीचं लग्न. गौरीहर पुजायला नवरी बसते ती मामानं आणलेली पिवळी नेसून, आणि मग मामानंच तिला हाताला धरून मांडवात आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत मागं उभं राहायचं. बाकी सगळं लग्न लोक विसरतात. जेवण विसरतात, नवरदेवाचं नाव विसरतात. मामानं कसली पिवळी आणली ते विसरत नाहीत, निदान आमच्यात तरी. आशाअक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, महिन्याभरापूर्वीच फोनवर बजावलं होतं, "सुदा, गुलमंडीवर जा. हातानं चाचपून घे. कोपरा ओला करून बघ. तुझं ते ऑफर-बिफर नको बाबा." मी म्हटलं, "अक्का, तू निवांत राहा." त्याच क्षणी माझ्या डोक्यात कूपन तयार होतं. कुणी मला निवांत राहा म्हटलं की मी घाबरतो. लोक मात्र माझ्या शब्दावर राहतात. अक्काही राहिली असणार, असं मला तेव्हा वाटलं.

शकीलभाई पायरीवर टेकले. मी आईला फोन लावला.

"माय, मी सुदर्शन. मोबाईलवर एक नंबर आला असंल बघ. तेवढा सांग पटकन."

तिकडून एकदम बँकेतल्या बाईच्या थाटात, "कोण बोलतंय?"

"अगं मी. तुझा ल्योक."

"समदे असंच म्हनतेत."

"माय, थट्टा नको करू. पार्सलवाले दारात उभे आहेत."

मागून शकीलभाई म्हणाले, "अम्मा को बोलो चार नंबर का है." आईनं ते ऐकलं. "मागं कोन बोलतंय? टोळीनं बसलात व्हय रे? लाजा वाटू द्या." आणि मग, फोन न ठेवता, आवाजात एक खोडकर धार आणून, "माझा ल्योक असशील तर सांग, त्याच्या बापाला कोन्ती भाजी चालत नव्हती?"

"दोडकं!" मी ओरडलो. जिन्यात घुमलं. खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं.

"हे तर समद्या लासूर स्टेशनला ठाऊक है. दुसरं सांग. आशीच्या लग्नात काय झालं व्हतं?"

आता हे मी जिन्यात, बनियनवर, परक्या माणसासमोर सांगणं बरं दिसत नव्हतं. पण माझ्या आत ते आपोआप सुरू झालं. अक्काच्या लग्नात पिवळी आणली होती आमच्या बद्रीनाथमामानं. मामा हुशार माणूस. औरंगाबादला, तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे, एका दुकानाचा सेल लागला होता, तिथून त्यानं साडी उचलली, आणि मांडवात प्रत्येकाला सांगत सुटला की निम्म्यात आणली, निम्म्यात. मी तेव्हा सातवीत. मला मामा जगातला सगळ्यात अक्कलवान माणूस वाटला. उन्हाळा होता, पत्र्याच्या मांडवात अक्का घामानं निथळत होती, आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मानेवरून पिवळा ओघळ निघाला. आधी वाटलं हळद असेल. मग हात पिवळे झाले, मुंडावळ्यांचे मोती पिवळे झाले, भटजींच्या उपरण्याला डाग लागला, आणि वरमाला घालताना भाऊजींच्या पांढऱ्या शर्टावर पाच बोटं उमटली. कुणीतरी हसलं. तिच्या सासूनं कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून फर्दापुरात माझ्या बहिणीला पिवळी म्हणतात. तिच्या सासरचं लॉज आहे, लेणी बघायला येणारे लोक उतरतात. तिथला पोऱ्यासुद्धा पाठीमागं पिवळ्या बाईसाहेब म्हणतो. अक्का या गोष्टीवर कधी बोलत नाही. कधी पिवळं नेसतही नाही. तिच्या घरात भिंतीला पिवळा रंग नाही, आणि स्वयंपाकात हाताला हळद लागली तर ती हात चार वेळा धुते. हे सगळं आठवत मी एवढंच बोललो, "साडीचा रंग सुटला होता."

मला वाटलं, आता पटलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे बी कळलं का तुमाला? काय काय चोरता रे लोकाच्या घरातलं!"

मी भिंतीला टेकलो. भिंत गरम होती. उन्हाळ्यात आमच्या जिन्याची भिंत दुपारी अकरालाच तापते, आणि तिला टेकलं की पाठीला चुना लागतो, हे माहीत असूनही मी टेकलो. हा शहाणपणा आईला मीच शिकवला होता. तिच्या शेजारणीचे पेन्शनचे पैसे असेच फोनवर गेले, तेव्हा मी खास लासूरला जाऊन आईला समोर बसवलं होतं. ओटीपी कुणालाच द्यायचा नाही. बँकेला नाही, पोलिसाला नाही, प्रत्यक्ष देवानं मागितला तरी नाही. माझ्या आवाजात मागितला तरी नाही, आजकाल आवाजाची नक्कल करतात. फोनवर माझं नाव दिसलं तरी नाही, नावही खोटं दाखवतात. एवढ्यावर थांबलो असतो तर मी सुदर्शन कसला! परत आल्यावर मी तिची परीक्षा घेतली. तनुजाच्या फोनवरून, तोंडाला रुमाल लावून, बँकेचा साहेब बोलतोय म्हणून नंबर मागितला, आणि आईनं लगेच दिला, वर म्हणाली, साहेब, जेवलात का? मग मी रुमाल काढला आणि तिच्यावर बरसलो. एवढं कसं कळत नाही तुला, लहान आहेस का, किती वेळा सांगायचं. नंतर अक्काकडून कळलं की ती त्या दिवशी जेवली नव्हती आणि म्हणत होती, मला आता काई कळत नाय म्हने. आज तिच्या आवाजात जी धार होती ती मला ओळखीची वाटत होती. शाळेत नापास झालेलं पोर दुसऱ्या वेळी पेपर सोडवतं, उत्तर येतं आणि तेच तेच अक्षर गिरवत बसतं, तसला आनंद होता तो. ती फोन ठेवत नव्हती. तिला पास होण्याची मजा येत होती. आणि मला कळेना की हिच्यावर ओरडावं का हिचं कौतुक करावं. मग मी ओरडलोच. "माय, दे की तो नंबर!" आणि त्या ओरडण्यानं तिची उरलीसुरली शंका गेली.

तनुजा आतून आली. बॅग भरताना आली होती, हातात माझा नवा पांढरा सदरा. सूनबाईच्या आवाजात तिनं फोन घेतला. "आई, मी तनुजा. अहो हे खरंच हेच आहेत."

"बायकूच्या आवाजात बी बोलतेत आता," आई म्हणाली. "पोरांनो, कष्टाचं खावा." आणि फोन कट. पुन्हा लावला तर बंद. असा फोन आला की फोन बंद करून ठेवायचा, हेही मीच शिकवलेलं.

शकीलभाई उठले, गुडघ्यावर हात ठेवून. "भाई, तुम्हारी अम्मा तो एकदम पक्की है. मेरी अम्मा तो एटीएम का पिन मोहल्ले को बताके बैठी." पार्सल काखेतच होतं. मी त्याच्याकडं असं बघत होतो जशी एखादी पोर सासरी चाललीय. "शामतक घुमाता मैं. नंबर आया तो ठीक, नै तो वापस जाता माल." ते उतरताना मी वरून ओरडलो की त्यात साडीबरोबर कमोड घासायचा ब्रशही आहे, तो तरी द्या. ते न बघताच म्हणाले, "सब एकीच डिब्बे में है भाई."

ब्रशाचं तनुजाला माहीत नव्हतं. कूपन लागू व्हायला थोडी रक्कम कमी पडत होती, म्हणून टोपलीत ब्रश टाकला होता, दोनाचा सेट. हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या बाल्कनीच्या कपाटात अशी सगळी भरती आहे. कुत्र्याचा पट्टा आहे, कुत्रा नाही. योगाच्या चटया आहेत, योगा कुणी करत नाही. बटाट्याला गोल गोल कापायचं यंत्र आहे, ते एकदा वापरलं आणि तनुजाचं बोट कापलं. मागं एकदा एका ठिकाणी कॅशबॅक जमा झाला, तो तीन दिवसांत तिथंच खर्च करायची अट होती, म्हणून मी त्या कॅशबॅकातून आणखी एक कुत्र्याचा पट्टा घेतला. "तुम्ही वाचवलेल्या पैशानं," तनुजा सदऱ्याची घडी करत म्हणाली, "आपण एखाद्या दिवशी रस्त्यावर येऊ." मग आवाज बदलून, "अक्कांना काय सांगणार आहात?" एवढंच. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी चिडलेल्या माणसाला सूट कशी मिळवायची ते समजावू शकतो. गप्प माणसापुढं माझं काही चालत नाही.

गुलमंडीवर मी दुपारी पोचलो. दुकान जुनं, खाली गादी, गादीवर पांढरी चादर, आणि कोपऱ्यात मालक, भिंगाचा चष्मा लावून. मी चपला काढल्या, बसलो आणि सवयीनं विचारलं, "काही ऑफर?" मालक म्हणाले, "आहे ना. चहा घ्या." "कूपन वगैरे?" "कूपन नाही, दादा, पंखा आहे. पंख्याखाली सरका." त्यांनी एक पिवळी उलगडली. कापडाचा तो पहिला आवाज, नव्या कापडाला येणारा खळीचा आणि कापराचा मिसळलेला वास, आणि हातावर पडल्यावर आलेलं वजन. मोबाईलमध्ये वजन दिसत नाही. मी अंगठा आणि बोट यांच्यात काठ धरला तसा मला वडलांचा हात आठवला. वडील, रामकिसन, दुकानात कधीच किंमत विचारायचे नाहीत. लासूरच्या बाजारात माल विकतानाही नाही, आणि काही विकत घेतानाही नाही. दुकानदारापुढं नोटा धरायचे, तो हवं तेवढं उचलायचा, आणि हे उरलेल्या नोटा न मोजता खिशात ठेवायचे. मी लहानपणी लाजेनं त्यांच्या धोतरामागं लपायचो. आई घरी येऊन आदळआपट करायची. वडील म्हणायचे, "घासाघीस केली का वस्तूला बी वाईट वाटतं." मला तेव्हा वाटलं होतं, मोठा झालो की मी असा कधीच होणार नाही, मी प्रत्येक वस्तूला वाईट वाटायला लावीन. आणि लावलं. मोबाईलवर वस्तूची खरी किंमत लिहिलेली असते आणि तिच्यावर आडवी रेघ मारलेली असते. माझं सगळं प्रेम त्या रेघेवर होतं. रेघेखालची किंमत दुकानदारानं आधी फुगवून मग कापलेली असते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी दिवसभर वाळूजच्या कंपनीत खोटा माल बाजूला काढतो, तेवढं कळतंय. पण रेघ दिसली की बरं वाटायचं. आता मालकांनी चिठ्ठीवर एकच आकडा लिहिला. त्याच्यावर रेघ नव्हती. मी वाट पाहिली, कदाचित मारतील. त्यांनी पेन खिशाला लावला. मी पैसे दिले. बाहेर आलो तेव्हा मला चप्पल न घालता रस्त्यावर आल्यासारखं वाटलं, आणि खाली बघितलं तर खरंच चप्पल घातली नव्हती. परत आत गेलो. मालक म्हणाले, "या वयात होतं असं." त्यांना काय म्हणायचं होतं मला कळलं नाही. पण साडी अस्सल होती. गाडीत मांडीवर घेऊन बसलो तर सिल्लोडपर्यंत ती मांडीवर उबदार राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याबद्दल कुणाला काही समजावून सांगावंसं वाटलं नाही.

फर्दापूरला लॉजपुढं मांडव पडला होता, हळद चालू होती. मी गाडीतून पाय खाली ठेवला तोच अक्काचा दीर मोठ्यानं म्हणाला, "आले, आले, ऑफरवाले मामा! किती टक्के सूट मिळाली गाडीभाड्यात?" सगळे हसले. मीही हसलो, पण आतून नाही. आई ओट्यावर बसली होती आणि भोवती बायका. "सकाळी चोराचा फोन आलता," ती सांगत होती, "अगदी सुदर्शनाच्या आवाजात. मी नंबर दिला नाय म्हंजे नाय!" बायका तिच्याकडं कौतुकानं बघत होत्या. तिनं मला बघून हात केला. "सुदर्शना, तुझ्या मायला आता कुनी फसवीत नाय." तिचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हटलं, "शाबास, माय."

अक्का आली. कोपरापर्यंत हळदीनं माखलेले हात, पदर खोचलेला. तिनं विचारायच्या आधीच मी पिशवीतून साडी काढली. मी म्हटलं, "अक्का, गुलमंडीवरून. हातानं चाचपून. पूर्ण किंमत." मांडवात हशा उसळला. "पूर्ण किंमत म्हने!" दिराला खोकला लागला. मी खिशातून बिल काढलं. तो म्हणाला, "बिल बी ऑफरमधी भेटलं का?" सायली पाटावरून उठून आली, गालाला हळद, तिनं साडीचा काठ उलट्या हातानं कुरवाळला, आणि हळूच म्हणाली, "मामा, किती छान है." अक्काचं तिकडं लक्ष नव्हतं. तिचे डोळे माझ्यावर होते, पण ती मला बघत नव्हती, बद्रीनाथमामाला बघत होती. तिनं तांब्यातलं पाणी साडीच्या कोपऱ्यावर घातलं, कोपरा शेजारी उभ्या भटजींच्या पांढऱ्या उपरण्यावर दाबला, आणि अंगठ्यानं घासला. हळदीच्या अंगठ्यानं. उपरण्यावर पिवळा डाग उमटला.

"सुटला," अक्का म्हणाली.

"अक्का, अगं तुझ्या हाताला हळद है!"

"आता माझ्याच हाताचं नाव सांग."

"हात धू आणि परत घास! पाहिजे तर मी घासतो!" मी हात धरायला गेलो, तिनं झटकला, माझ्या मनगटावर हळद. भटजी उपरणं बघत होते आणि काही आठवत असल्यासारखे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, हे तेच भटजी तर नाहीत ना. अक्काचा आवाज बसला होता, चिडलेला नव्हता. तिला रडू येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. "सुदा, या घरात मला अजून पिवळी म्हनतेत. माझ्या पोरीला नाय म्हनू देनार. मला ठाऊकच व्हतं तू काय आननार. मी दुसरी आनून ठेवलीय." तिनं आतून एक पाकीट आणवलं, आणि त्यातून साडी काढली, चमकदार, कडक, केळ्यासारखी पिवळी. "तूच टाकलं व्हतंस ना ग्रुपवर, अर्ध्या किमतीतलं कूपन. तूच म्हनालतास, डोळे झाकून घ्या."

मी म्हटलं, "अक्का, तीसुद्धा घासून बघ." ती म्हणाली, "हिला नको. ही तुझ्या हातची नाय."

माझी साडी सायलीनं घडी करून स्वतःच्या पेटीत ठेवली. मामाचं आहे, म्हणाली, ठेवते मी, नंतर नेसीन. तेवढ्या बोलण्यावर मी रात्रीचं जेवण जेवलो. जेवताना आई शेजारी येऊन बसली आणि आपण होऊनच म्हणाली, "त्या चोराला दिला नाय. पन दुसऱ्याला दिला."

"काय दिलं?"

"नंबर. सिल्लोडला चहाला थांबलो, फोन चालू केला, तर एका बाबाचा फोन. अम्मा म्हनला. सकाळपासून उन्हात फिरायलोय म्हनला, तुमच्या लेकाचं पार्सल है. आवाजावरनंच खरा वाटला. त्या चोरावानी खेकसला नाय. म्या सांगितला. तुमच्या शेजारच्या श्रीधरकाकाकडं ठिवलंय म्हनला." तिनं माझ्या ताटात वरण वाढलं. "बरोबर केलं ना?"

"बरोबर केलं, माय."

दुसऱ्या दिवशी लग्न दुपारचं. मांडव पत्र्याचा नव्हता, कापडाचा होता, पण लेण्यांच्या डोंगराकडून येणारा वारा गरम होता, आणि पंखे तोच वारा फिरवत होते. मी नवा पांढरा सदरा घातला. गौरीहरापासून सायलीला हाताला धरून मी मांडवात आणली, जशी आणायची असते तशी. माणसं कुजबुजत होती, मामाची पिवळी बघा, काय चमकायलीय. मी कुणाला सांगणार, ही माझी नाही. मी तिच्या मागं उभा राहिलो, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. अंतरपाट धरला गेला. भटजींनी नवं उपरणं घेतलं होतं. तिच्या मानेवर घाम होता, माझ्या हातांना घाम होता, आणि मी समोर अंतरपाटावरच्या स्वस्तिकाकडं बघत राहिलो. खाली बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. तिसऱ्या मंगलाष्टकाला अक्का, जी समोर उभी होती, माझ्या हातांकडं बघू लागली. तिच्या हातातल्या अक्षता तिथंच राहिल्या.

टाळ्या वाजल्या, वाजंत्री सुरू झाली. मी हात उचलले. तळहात पिवळे होते, बोटांच्या पेरांपर्यंत. मागं कुणीतरी म्हातारी म्हणाली, "मामाचीच है की वो साडी? मग बराबर है."

खिशात फोन थरथरला. मी काढून बघितला. कॅशबॅक जमा झाला होता, आईच्या खात्यात, आणि तो वापरायची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि वापरायला आईच्या नंबरावर आलेला ओटीपी लागणार होता. फोन मी परत खिशात ठेवला. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर पाच बोटं उमटली.